घरच्या संगणकाला घरची सवय

२ एप्रिल २०११च्या शनिवारी सारा देश मुंबईच्या वानखेडे स्टेडियमकडे डोळे लावून बसला होता. भारत आणि श्रीलंका यांच्यातला विश्वचषकाचा अंतिम सामना त्या दिवशी होता. नेमक्या त्याच दिवशी दक्षिण बेंगळुरूत, जे. पी. नगरला लागून असलेल्या कुमारस्वामी लेआउटमध्ये, दयानंद सागर शिक्षणसंस्थेच्या आवारात देशोदेशीचे प्रोग्रॅमर जमले होते. निमित्त होतं ग्नोम-एशिया परिषदेचं. ग्नोम हा लिनक्स संगणकांवरचा एक डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, पट्ट्या, मेन्यू आणि चित्रखुणा यांची सगळी व्यवस्था. मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७मध्ये ते काम सुरू केलं होतं. ही परिषद आधी बीजिंग, हो ची मिन्ह सिटी आणि तैपेई इथं भरली होती. भारतात ती पहिल्यांदाच येत होती. आणि चारच दिवसांनी, ६ एप्रिलला, ग्नोमची तिसरी आवृत्ती जगापुढे येणार होती.

या तिसऱ्या आवृत्तीची गोष्ट घरच्या संगणकाच्या सोयीबद्दल बोलताना आधी सांगायला हवी. वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं बरंच काही तिनं एका फटक्यात काढून टाकलं. पडद्याच्या तळाशी उघड्या कार्यक्रमांची नावं दाखवणारी पट्टी गेली. डेस्कटॉपवर फायली आणि चित्रखुणा ठेवण्याची मुभा गेली. खिडकीच्या कोपऱ्यातली ‘लहान करा’ आणि ‘मोठी करा’ ही दोन बटणं गेली, फक्त बंद करण्याची फुली उरली. सर्वांत गोंधळ उडवला तो संगणक बंद करण्याच्या आज्ञेनं. मेन्यूत ‘सस्पेंड’, म्हणजे झोपवा, एवढाच पर्याय दिसे. ‘पॉवर ऑफ’ हवं असेल तर ऑल्ट ही कळ दाबून धरायची, मग ते शब्द प्रकट होत. ही युक्ती ज्याला ठाऊक नव्हती, त्याला आपला संगणक बंदच करता येईना.

यामागे विचार नव्हता असं नाही. खिडक्यांची पट्टीच नसेल तर खिडकी लहान होऊन जाणार कुठे, म्हणून ते बटण काढलं. माणसं डेस्कटॉपवर पसारा करतात आणि मग तो खिडक्यांखाली झाकला जातो, म्हणून डेस्कटॉप रिकामा ठेवला. लॅपटॉप झाकण मिटलं की झोपतो आणि उघडलं की जागा होतो, मग रोज बंद कशाला करायचा, असा हिशेब होता. प्रत्येक निर्णय एकेकटा पाहिला तर पटण्यासारखा होता. पण तो ज्या वापरणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून घेतला होता, त्याच्याकडे लॅपटॉप होता, अखंड वीज होती आणि नवं शिकून घ्यायला सवड होती.

पुढची दोन वर्षं जे घडलं ते संगणकाच्या इतिहासात फार कमी वेळा घडतं. लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्डस यानं जाहीर नाराजी व्यक्त करून एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉप धरला. अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्यानं ग्नोमची जुनी आवृत्ती वेगळी काढून ‘माटे’ नावानं जिवंत ठेवली. दक्षिण अमेरिकेतल्या एका लाडक्या पेयाचं ते नाव. लिनक्स मिंटच्या मंडळींनी नव्याच पायावर जुन्या वळणाचा ‘सिनॅमन’ रचला. खुद्द ग्नोमनं २०११च्या डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडलं आणि तिथून छोटे जोड घेऊन ज्याला जे हवं ते परत बसवता येऊ लागलं: कुणी पट्टी, कुणी मेन्यू, कुणी बटणं. २०१२मध्ये ‘पॉवर ऑफ’ पुन्हा उघड्यावर आलं आणि २०१३मध्ये जुन्या धाटणीची ‘क्लासिक’ मांडणीही मिळाली.

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीतही हेच झालं. ऑक्टोबर २०१२च्या विंडोज ८मधून स्टार्ट बटण गायब झालं, वर्षभरात ८.१मध्ये ते परतलं आणि २०१५च्या विंडोज १०मध्ये त्याचा मेन्यूही परतला. २०२१च्या विंडोज ११नं ते बटण पट्टीच्या मध्यावर नेलं, पण या वेळी डावीकडे परत आणण्याची सोय सेटिंग्जमध्ये पहिल्यापासून ठेवली.

संगणकाची सेटिंग्ज म्हणजे हौशी माणसांचा खेळ, अशी एक समजूत आहे. भिंतीवरचं चित्र बदलायचं, रंग बदलायचे, माउसचा बाण सोनेरी करायचा. तेवढंच असतं तर या विषयाला पुस्तकात एक प्रकरण द्यायचं कारण नव्हतं. सेटिंग्जच्या पानावर कधीच न गेलेला माणूसही सेटिंग्ज वापरत असतोच. ती दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या गावी बसून, दुसऱ्या कुणासाठी ठरवलेली असतात एवढंच. ज्या घरात आजी मराठी वाचते, नातू शाळेत कन्नड शिकतो आणि आईवडील दिवसभर इंग्रजीत काम करतात, ते घर ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा नव्हतंच. जे. पी. नगरमध्ये अशी घरं भरपूर आहेत.

या घरांत बहुतेक वेळा दोन संगणक असतात. एक कंपनीचा लॅपटॉप. त्याची सेटिंग्ज कंपनीच्या माहिती-तंत्रज्ञान विभागानं कुलूपबंद केलेली असतात आणि त्याला हात लावायचा प्रश्न येत नाही. दुसरा घरचा, कधी शहरातल्या एस. पी. रोडवरच्या दुकानांतून सुटे भाग घेऊन जोडलेला, कधी जुना झालेला लॅपटॉप. मनासारखा करता येतो तो हाच.

सुरुवात करावी ती अगदी रुक्ष वाटणाऱ्या जागेपासून: तारीख, आकडे आणि कागद. विंडोज बसवताना घाईनं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलं की भाषा म्हणून अमेरिकन इंग्रजी राहते आणि तिच्याबरोबर अमेरिकन सवयीही येतात. तिथं महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. त्यामुळे ०४/०५ ही आपली ४ मे संगणकाच्या लेखी ५ एप्रिल होते. बिल भरायची शेवटची तारीख, औषधाची मुदत, गाडीच्या विम्याचं नूतनीकरण अशा यादीत हा फरक महागात पडतो. फसवा भाग असा, की १३ तारखेपासून पुढच्या तारखा महिना म्हणून बसतच नाहीत. एक्सेल त्यांना तारीख न मानता नुसती अक्षरं मानतं आणि एकाच रकान्यात अर्ध्या नोंदी चुकीच्या, अर्ध्या निकामी होऊन बसतात. आकड्यांचंही तसंच. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार हा आकडा अमेरिकन पद्धतीनं तीन-तीनच्या गटांत पडतो आणि लाख-कोटीत विचार करणाऱ्या माणसाला स्वल्पविराम मोजत बसावं लागतं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ‘टाइम अँड लँग्वेज’ या विभागात ‘रीजनल फॉरमॅट’ ही ओळ असते. तिथं ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा ‘मराठी (इंडिया)’ निवडलं की तारीख दिवसापासून सुरू होते आणि आकडे १२,३४,५६,७८९ असे पडतात. पडद्यावरची भाषा इंग्रजीच ठेवून केवळ मांडणी भारतीय करता येते, हे अनेकांना माहीत नसतं. छपाईची एक कटकटही याच गावची. अमेरिकेत ‘लेटर’ आकाराचा कागद चालतो, २१६ गुणिले २७९ मिलिमीटरचा. आपल्याकडे ए-फोर, २१० गुणिले २९७चा. प्रिंटर आणि वर्ड यांच्यात एकानं लेटर धरलं आणि दुसऱ्यानं ए-फोर, की प्रिंटर कागद नाही म्हणून अडून बसतो किंवा शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर ढकलतो. प्रिंटरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये ए-फोर एकदा कायम करून टाकावं.

आता लिप्यांकडे येऊ. या घरातला खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचं उत्तरही विलक्षण सुंदर आहे.

कर्नाटकानं २०१५च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांमध्ये कन्नड शिकवणं बंधनकारक केलं. त्यामुळे जे. पी. नगरमधल्या मराठी मुलाला आज ना उद्या प्रकल्पाचं एखादं पान कन्नडमध्ये टंकावं लागतं. आजीला गावच्या मैत्रिणीला मराठीत पत्र लिहायचं असतं. इंग्रजी तर आहेच. तीन भाषा म्हणजे तीन कीबोर्ड शिकायचे, असं वाटून बहुतेक घरं हात टेकतात आणि रोमन अक्षरांत मराठी लिहू लागतात.

वास्तविक देवनागरी आणि कन्नड यांसाठी एकच कीबोर्ड शिकून पुरतं. त्याचं नाव इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं तो १९८६मध्ये ठरवला आणि भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या आयएस १३१९४ या मानकात त्याला जागा मिळाली. त्यामागचं बरंचसं काम आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. कल्पना अशी, की भारतातल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या लेकी आहेत, त्यांची वर्णमाला एकाच क्रमानं चालते, तर मग प्रत्येक वर्णाची जागाही सगळ्या लिप्यांत एकच असावी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. ‘के’ या कळेवर मराठीत क येतो आणि कन्नड निवडलं की त्याच कळेवर कन्नडचा क येतो. शिफ्ट धरली की दोन्हीकडे ख. ‘एन’वर ल आणि शिफ्टसह ळ, मराठीला आणि कन्नडला तितकाच लाडका. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगवेगळे असल्यानं त्यांच्यासाठी दोन जास्तीच्या जागा लक्षात ठेवाव्या लागतात. बाकी एका लिपीत बोटं बसली की दुसरी जवळपास आपोआप येते. नातू कन्नडसाठी इनस्क्रिप्ट शिकला, तर त्याला मराठी टंकनही त्यातच मिळून जातं, आणि उलटही.

मराठीच्या खास गरजाही त्यात बसल्या आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धचंद्रासारखा र अनेकांना टंकता येत नाही आणि मग ‘दुसर्या’ असं काहीतरी उमटतं. इनस्क्रिप्टमध्ये ‘जे’वर र आहे, शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की नुक्तेवाला ऱ येतो, त्यापुढे ‘डी’वरचं हलन्त आणि मग य. तीन ठोक्यांत शुद्ध ‘ऱ्य’.

ज्यांना इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून लिहायची सवय झाली आहे त्यांनाही आता बाहेरचं काही बसवावं लागत नाही. मे २०१९च्या विंडोज १०च्या सुधारणेनं मराठी आणि कन्नडसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड संगणकातच दिले. त्याआधी हे काम बेंगळुरूशी नातं असलेल्या ‘बरह’नं बरीच वर्षं केलं. शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांनी १९९८मध्ये ते कन्नडसाठी आणलं, पुढे त्यात मराठीसह इतर भाषा आल्या आणि अनेक मराठी लेखकांनी संगणकावरची पहिली पानं त्याच्यावर लिहिली. कन्नड लिहिणाऱ्यांची के. पी. राव यांच्या उच्चारानुसारी कीबोर्डवर आणि कन्नड गणक परिषदेच्या ‘नुडी’वर तशीच माया आहे. वय झालेल्या माणसानं बसलेली सवय मोडू नये. शाळकरी मुलाला मात्र आग्रहानं इनस्क्रिप्ट द्यावं, कारण एका लिपीवरची त्याची मेहनत दुसऱ्या लिपीत फुकट जात नाही.

बसवायचं ते असं: ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये ‘ॲड अ लँग्वेज’ म्हणून मराठी घ्यायची, कन्नड घ्यायची आणि प्रत्येकीच्या पर्यायांत जाऊन हवा तो एकच कीबोर्ड ठेवून नको असलेले काढून टाकायचे. ही काढून टाकण्याची पायरी लोक गाळतात. मग विंडोज आणि स्पेस या कळा दाबल्या की पाच-सहा कीबोर्डांची रांग फिरत राहते आणि कंटाळा येतो. तीन भाषांना तीनच कीबोर्ड असले की हात न पाहता फिरतो.

जुन्या कागदपत्रांचा मात्र वेगळा पेच आहे. २०००च्या आधी आणि नंतरही काही वर्षं मराठी मजकूर श्री-लिपी किंवा आकृतीच्या फाँटांमध्ये टंकला जाई. त्यांत अक्षरांना युनिकोडची, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीची, जागा नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर आजोबांचं आत्मवृत्त उघडलं की विचित्र चिन्हांचा सडा दिसतो. मजकूर हरवलेला नसतो, त्याला त्याचा फाँट हवा असतो. आकृती बनवणारी सायबरस्केप मल्टिमीडिया ही कंपनी बेंगळुरूची. तिनं २००३मध्ये नऊ भारतीय लिप्यांचे काही फाँट मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुले केले. अशी जुनी फाइल घरात असेल तर फाँट बसवून ती उघडावी, रूपांतर करणाऱ्या साधनानं युनिकोडमध्ये आणावी आणि मूळ प्रतही जपून ठेवावी.

फाँटाचा विषय निघाला की र. कृ. जोशी यांचं नाव घ्यावंच लागतं. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार, कवी, मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले प्राध्यापक. विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या हातचा. पुढची कित्येक वर्षं संगणकावरची मराठी म्हणजे मंगल असं समीकरणच झालं. त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यांवर देवनागरीच्या मात्रा, रफार आणि जोडाक्षरं वाचता येण्याजोगी उतरवणं हे फार मोठं काम होतं. विंडोज ८पासून ती जागा ‘निर्मला यूआय’नं घेतली.

तरीही मराठी डोळ्याला अशा सर्वसाधारण फाँटांत एक गोष्ट खटकते: ल आणि श यांची वळणं हिंदीची असतात. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. संगणकावर हा फरक मिळवायची एक नेटकी वाट आहे, आणि ती सेटिंग्जमधूनच जाते. आधुनिक फाँटांत एकाच अक्षराची भाषेनुसार वेगळी रूपं ठेवता येतात. मजकूर मराठी आहे असं संगणकाला सांगितलं, तर फाँटात असलेलं मराठी रूप तो आपणहून वापरतो. लिब्रऑफिसमध्ये ‘लँग्वेज सेटिंग्ज’मध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे हिंदीऐवजी मराठी निवडा आणि लोहित देवनागरीसारखा फाँट घ्या. तेच वाक्य क्षणात मराठी वळणाचं होतं. लोहित हा रेड हॅटनं मुक्त केलेला फाँट, त्याची अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेली. ग्नोमच्या मराठी भाषांतराचंही बरंच काम रेड हॅटच्या पुण्याच्या मंडळींनी केलं आहे, त्यामुळे ज्या घराला मेन्यूंसकट सगळा संगणक मराठीत हवा असेल त्यानं लिनक्स जरूर पाहावं.

अक्षर दिसायला हवं हे तर त्याहून आधीचं. विंडोजचं १०० टक्के हे माप एका इंचात ९६ ठिपके धरून ठरलेलं आहे. आज सर्रास मिळणाऱ्या १५.६ इंची फुल-एचडी लॅपटॉपवर एका इंचात सुमारे १४१ ठिपके बसतात. म्हणजे १०० टक्क्यांवर प्रत्येक अक्षर ठरवलेल्या आकाराच्या साधारण दोन-तृतीयांशच दिसतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं नाक पडद्याला लावून वाचावं यात त्याच्या डोळ्यांचा दोष कमी आणि या आकड्याचा जास्त. देवनागरीचं दुखणं आणखी वेगळं. तिला वर मात्रा-रफार आणि खाली उकार-हलन्त यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे इंग्रजीच्याच मापात लिहिलं तर अक्षराचं मधलं अंग बारीक होतं.

‘डिस्प्ले’मधलं ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के केलं की सगळंच मोठं होतं. केवळ अक्षरं वाढवायची असतील तर ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘टेक्स्ट साइझ’ची सरकपट्टी आहे, ती २२५ टक्क्यांपर्यंत जाते. त्याच विभागात माउसचा बाण मोठा आणि गडद रंगाचा करता येतो. वयस्कर माणसाचा निम्मा वेळ तो बाण शोधण्यात जातो. दोनदा टिचकी मारायचा वेगही कमी करता येतो. हात थोडा कापत असेल तर या एका सेटिंगनं संगणक पुन्हा वापरण्याजोगा होतो. या सोयी अपंगांसाठीच आहेत असं समजून त्या विभागाकडे कुणी फिरकत नाही, हे फार वाईट आहे. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांत अक्षराचा किमान आकार ठरवून ठेवता येतो, म्हणजे वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरची बारीक टिपणंही त्याखाली जात नाहीत.

आता अडचण अशी, की आजीला १५० टक्के हवं आणि नातवाला १००. त्यासाठी प्रत्येकाचं वेगळं खातं काढावं. घरच्या संगणकावर सगळ्यांनी एकच खातं वापरायचं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि घरातली बरीचशी कुरकुर तिथूनच सुरू होते. खातं वेगळं असलं की अक्षराचा आकार, कीबोर्ड, ब्राउझरमधल्या खुणा, डेस्कटॉपवरच्या फायली, सगळं ज्याचं त्याचं राहतं. आजीच्या खात्यावर चारच चित्रखुणा ठेवाव्यात: ब्राउझर, फोटो, व्हिडिओ कॉल, पत्रांचा फोल्डर. मुलांची आणि पाहुण्यांची खाती ‘स्टँडर्ड’ ठेवावीत, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नव्हे. मग कुठलाही फुकटचा खेळ परवानगी न विचारता संगणकाच्या मुळाशी जाऊन बसत नाही.

डेस्कटॉपवर फायलींचा ढीग लावणाऱ्यांना एक सूचना. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं प्रवेश केला की पुष्कळदा डेस्कटॉपचा फोल्डरच वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, जातो. फुकटची जागा ५ जीबी. लग्नाचे व्हिडिओ डेस्कटॉपवर टाकले की ती भरते आणि नवीन फायलींची प्रत वर जाणं थांबतं; घरच्यांना वाटत राहतं की सगळं सुरक्षित आहे. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये कोणते फोल्डर वर जावेत हे निवडता येतं. कागदपत्रं जाऊ द्यावीत, व्हिडिओ वेगळ्या डिस्कवर ठेवावेत. फायलींच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली, २०२५-०६-१४ अशी, तर नावानुसार लावल्यावर त्या आपोआप काळाच्या क्रमानं लागतात.

संगणक सुरू व्हायला फार वेळ लागत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’चं पान उघडून पाहावं. आपण न सांगता दाखल झालेले कार्यक्रम तिथं सापडतात. विषाणुरोधक सोडून बाकी बहुतेकांना ‘डिसेबल’ करून चालतं. हवे तेव्हा ते उघडतातच.

बेंगळुरूत एप्रिल-मेच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो, फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते. म्हणून विजेची सेटिंग्ज इथं चैनीची गोष्ट राहत नाहीत. ‘स्लीप’मध्ये उघडं काम स्मरणशक्तीत, म्हणजे रॅममध्ये असतं आणि तिला सतत थोडी वीज लागते. लॅपटॉपला बॅटरी असते, त्याचं निभावतं. टेबलावरच्या संगणकाला मात्र झोपेत वीज गेली तर न साठवलेलं सगळं जातं. ‘हायबरनेट’ तेच काम डिस्कवर लिहून संगणक पूर्ण बंद करतो. वीज तासभर गेली तरी काम जिथल्या तिथं सापडतं. विंडोजच्या मेन्यूत हा पर्याय सहसा दिसत नाही. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या दुव्यावर जाऊन, बंद असलेली सेटिंग्ज उघडून, हायबरनेटपुढे खूण करावी लागते. तिथंच ‘फास्ट स्टार्टअप’ही असतं. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यामुळे काही बिघडलं असेल तर बंद-चालू करून उपयोग होत नाही. ‘रीस्टार्ट’ करावं लागतं.

दिवसभर प्लगलाच असलेल्या लॅपटॉपची बॅटरी उष्णतेनं आणि कायम १०० टक्के भरलेली राहिल्यानं लवकर म्हातारी होते. पुष्कळ कंपन्यांनी आपल्या लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास भरणं थांबवण्याची सोय दिली आहे. ती बहुधा विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नसून त्या कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये असते. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री ती काढावी.

टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असेल आणि त्याला यूएसबीचं भोक असेल, तर डब्यात आलेली केबल फेकून न देता संगणकाला जोडावी. अनेक यूपीएस मग विंडोजला बॅटरीसारखे दिसू लागतात आणि पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत पानावर ‘बॅटरी’ हा भाग उगवतो. त्यात ‘क्रिटिकल बॅटरी ॲक्शन’पुढे हायबरनेट निवडावं आणि पातळी २० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. घरी कुणी नसताना वीज गेली तरी संगणक आपलं काम डिस्कवर लिहून स्वतःच बंद होतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि शेवटचे टक्के अचानक संपू लागतात, तेव्हा ही पातळी ३० किंवा ४०पर्यंत चढवावी आणि नवी बॅटरी बसली की परत खाली आणावी.